शरदिनीकाकूंचं कोरडं पाणी

अर्ध्या कुरडया घालून झाल्या होत्या. उरलेला चीक पातेल्यात गार होऊन ताठ व्हायला लागला होता, सोऱ्या दाबून माझे दंड भरून आले होते, आणि गच्चीच्या कठड्यावर ओळीने बसलेली माकडं आम्ही कधी एकदा खाली जातो याची वाट पाहत होती. त्यांना हाकलायची काठी अंतराकडे होती. जिन्याच्या तोंडाशी छत्री उघडून ती बसली होती. बसल्या बसल्या तिने काठी भिंतीला टेकवली आणि पुन्हा उठली.

“कुठे गं?” मी विचारलं.

“पाणी पिऊन येते, बकुळवहिनी.”

“अगं, आत्ता तर जाऊन आलीस! तू खाली गेलीस की ही फौज वर येते.”

“बकुळ, टोकू नकोस तिला,” शरदिनीकाकू चिकाने माखलेला हात वर करून म्हणाल्या. “तहानेला हिशेब विचारायचा नसतो. जा गं पोरी, जा. आणि आधी डब्यातला बत्तासा तोंडात टाक. कोरडं पिऊ नकोस.”

अंतरा खाली गेली. तेवढ्यात एका माकडाने उडी मारून ओली कुरडई उचलली, चाखली आणि तोंड वाकडं करून तिथेच टाकून दिली.

“मीठ कमी पडलंय बघ,” काकू म्हणाल्या. “त्याला कळलं, तुला नाही कळलं.”

ही गोष्ट याच वर्षीच्या, चौऱ्याण्णवच्या वैशाखातली. शरदिनीकाकूंचं घर आणि आमचं घर ब्रह्मा घाटावर एकाच भिंतीला टेकून उभी आहेत. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मला काशीतलं जे काही समजलं ते त्यांच्याकडून. काकूंचे यजमान वेणीमाधवकाका घरीच विद्यार्थ्यांना वेद शिकवतात. मुलगा विश्वजीत बँकेत आहे आणि अंतरा ही त्याची बायको, नागपूरची. त्या वैशाखात तिला सहावा महिना होता.

आमच्या गल्लीत नुसत्या पाण्याला कोरडं पाणी म्हणतात. आपल्याकडे महाराष्ट्रात पाहुण्याला गूळपाणी देतात, ती रीत आमच्या पूर्वजांनी येताना बरोबर आणली. इथल्या बनारसी लोकांकडेही कुणाच्या हातावर आधी काहीतरी गोड ठेवल्याशिवाय पाण्याचा लोटा देत नाहीत. दोन्ही रीती एका गल्लीत नांदल्या आणि दुप्पट झाल्या. दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा कोरडं पाणी दिलं तर तो घराबद्दल वाईट बोलेल.

आणि या बाबतीत शरदिनीकाकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्या ओसरीवर घडवंची आहे, तिच्यावर माठ आणि माठाशेजारी पितळी डबा. डब्यात कधी बत्तासे, कधी खडीसाखर, कधी गुळाचे खडे, सणासुदीला पेढे. वैशाख लागला की गल्लीच्या तोंडाशी त्यांची पाणपोई बसते. इथे तिला पौसरा म्हणतात. तिथेही तीच तऱ्हा. घाटावरून अंघोळ करून येणारा म्हातारा असो की ओझं उचलणारा हमाल, आधी गूळ, मग पाणी. “खाली पानी नहीं देंगे भैया,” असं म्हणून त्या माणसाच्या हातावर खडा ठेवायच्या, तो खाईपर्यंत लोटा धरून उभ्या राहायच्या.

त्यामागे काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण एका दुपारी गहू निवडताना त्यांनीच मला सांगितलं होतं. काकूंचं पहिलं बाळंतपण याच घरात झालं. दिवस उन्हाळ्याचे, बाहेर लूचा गरम वारा वाहतोय, आणि त्यांना अशी तहान लागायची की भिंतीची ओल चाटावीशी वाटे. पण त्यांच्या सासूबाईंचा समज होता की गर्भारशीने फार पाणी प्यायलं की गर्भाला पाणी लागतं. माठ सोवळ्यात आणि पाणी मिळायचं फुलपात्रात, सासूबाईंच्या हातून. काकू चोरून प्यायच्या. बादलीतलं, न्हाणीतलं, मिळेल ते. मुलगा झाला तो पूर्ण दिवसांचा, अंगाने चांगला भरलेला, पण रडलाच नाही. आणि त्या दिवसापासून घरात एकच बोलणं राहिलं, चोरून पाणी प्यायली म्हणून पोर गेलं.

पुढे पुष्कळ वर्षांनी विश्वजीत झाला. सासूबाई गेल्या, घराच्या किल्ल्या काकूंकडे आल्या. तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते माठ स्वयंपाकघरातून उचलून ओसरीवर आणायचं. “माझ्या घरात पाण्यासाठी कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही,” असं त्या म्हणाल्या, आणि डबा भरून शेजारी ठेवला.

त्यामुळे अंतराची तहान वाढायला लागली तेव्हा काकूंना काळजी वाटली नाही, उलट त्यांना उत्साह आला. माठात वाळ्याची जुडी पडली. कैरीचं पन्हं झालं, बेलाचं सरबत झालं, आणि प्रत्येक लोट्याबरोबर बत्तासा होताच. अंतरा गुणी मुलगी, सासूने दिलेलं नाही म्हणायची नाही. शेजारी कुठे गेली तर तिथेही तेच. रात्री उठून पाणी, पहाटे उठून पाणी. शिवाय सारखं न्हाणीघराकडे जावं लागायचं ते वेगळंच. ती दमलेली दिसायला लागली. उन्हाळा आहे, दिवस भरत चाललेत, असं आम्ही सगळ्याच म्हणत होतो.

फक्त समोरच्या अन्नपूर्णाबाईंचं मत वेगळं होतं. अन्नपूर्णाबाई यात्रेकरूंना उतरवून घेतात, दहा गावची माणसं त्यांनी पाहिलेली, आणि शरदिनीकाकूंशी त्यांचा लग्नापासूनचा खेळीमेळीचा उभा दावा आहे.

“शरदिनीबाई, सुनेला आवरा जरा,” त्या आपल्या खिडकीतून म्हणाल्या. “इतकं पाणी! नातू पोहतच बाहेर यायचा.”

“येऊ दे की,” काकू म्हणाल्या. “गंगेकाठी जन्मायचं तर पोहायला नको?”

“चेष्टा नाही करत मी. पाणी कमी करा तिचं.”

काकूंचा चेहरा बदलला. “अन्नपूर्णाबाई, माझ्या घरात पाणी कमी होणार नाही,” एवढंच बोलून त्या आत गेल्या.

वैशाखाच्या शेवटी अंतराला तपासणीला न्यायचं होतं. विश्वजीतला सुट्टी मिळाली नाही म्हणून काकूंबरोबर मी गेले. गल्ल्यांतून मैदागिनपर्यंत पायी, तेवढ्यात अंतराने बरोबर घेतलेली पाण्याची बाटली संपवली. डॉक्टर गीता मिश्र तिथे बसतात. स्वभावाने कडक, पण हात मऊ. त्यांनी पोट तपासलं, फीत लावून मापलं, पुन्हा मापलं.

“बच्चा महीने से बड़ा लग रहा है,” त्या म्हणाल्या. “प्यास बहुत लगती है?”

“बहोत,” अंतरा म्हणाली.

“पानी कितना पीती हो?”

“गिनती नहीं है, डॉक्टर साहब.”

“और पानी के साथ कुछ लेती हो?”

इथे काकूंना राहवलं नाही. त्या अभिमानाने पुढे सरसावल्या. “खाली पानी? हमारे घर में खाली पानी कोई नहीं पीता. हर बार बतासा देती हूँ. अपने हाथ से.”

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. “हर बार?”

“हर बार,” काकू म्हणाल्या.

त्याच दिवशी रक्त तपासायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पुन्हा गेलो. साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. काही बायकांना दिवस असतानाच साखरेचा त्रास होतो. बत्ताशाने तो सुरू होतो असं नाही, पण सुरू झाल्यावर बत्तासा त्यात तेल ओततो. ही तहान त्याचीच खूण असू शकते. साखर अशीच राहिली तर बाळ फार मोठं होतं, अडतं, आणि शेवटच्या दिवसांत कधी कधी पोटातच जातं. वेळेवर कळलंय, आता घाबरायचं कारण नाही. गोड बंद, आंबा बंद, भात मोजका, जेवणानंतर चालायचं, आणि साखर सारखी तपासायची. त्याने भागलं नाही तर इंजेक्शनं.

“और पानी?” काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

“पानी बिल्कुल मत रोकिए. इस गर्मी में तो बिल्कुल नहीं. जितनी प्यास, उतना पानी. बस बतासा हटा दीजिए.”

अंतरा उठून बाहेर गेली, मीही उठले. काकू बसूनच राहिल्या. म्हणाल्या, “डॉक्टर साहब, एक बात. मेरा पहला बच्चा... पूरे दिन का था. बड़ा था. मुझे भी बहुत प्यास लगती थी. मैं छुप के पानी पीती थी. सब बोले, उसी से गया.”

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “माताजी, इतने साल बाद कारण मैं नहीं बता सकती. शायद यही रहा हो, शायद कुछ और. लेकिन इतना पक्का है, पानी पीने से बच्चा नहीं जाता.”

काकू उठल्या. दाराशी पोचल्यावर त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि बाहेर आल्यावर रिक्षावाल्याशी भाड्यावरून नेहमीसारख्या भांडल्या.

घरी आल्यावर त्यांनी घडवंचीवरचा डबा उचलला. पण उचलून हातातच धरून बसल्या. वेणीमाधवकाका संध्येची तयारी करत होते.

“अहो,” काकू म्हणाल्या, “घरच्या लक्ष्मीला कोरडं पाणी दिलं तर दोष लागतो का?”

काकांनी पळी-पंचपात्र मांडता मांडता विचारलं, “नैवेद्य दाखवताना मधे पाणी सोडतो, त्यात तू साखर घालतेस?”

“नाही.”

“मग देव आजवर रुसला?”

“तुमच्यावर रुसला असता तरी तुम्हाला कुठे कळणार होतं?”

“तेही खरंच,” काका म्हणाले. “पण देवाला जे चालतं ते सुनेला चालावं.”

“आणि लोक?”

“लोकांचं तू बघ. अख्खी गल्ली तुला घाबरते, आणि तू गल्लीला घाबरतेस होय?”

काकूंनी डबा नेऊन वरच्या फळीवर, पापडांच्या पाठीमागे ठेवून दिला. मग म्हणाल्या, “आजपासून मीही कोरडंच पिणार. सुनेला नाही ते मला नाही.” आणि माठातून लोटा भरून, नुसता, गटागट प्यायल्या. पिऊन झाल्यावर तोंड असं केलं की काकांना हसू आवरेना.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. अंतरा घराबाहेर पडली की दर दारात बत्तासा उभा. कुणाकुणाला ती नाही म्हणणार? नाही म्हटलं तर यजमानीणबाईंना राग यायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी काकू घराघरात निघाल्या. पहिलं घर माझं.

“बकुळ, आजपासून माझी सून तुझ्याकडे आली की तिचा अपमान करायचा.”

“म्हणजे हो काय, काकू?”

“कोरडं पाणी द्यायचं. भरपूर द्यायचं, पण कोरडं. तिने मागितलं तरी गोड द्यायचं नाही.”

ज्या बाईने गल्लीत कुणाला आयुष्यात कोरडं पाणी दिलं नाही, ती घरोघर जाऊन आपल्या सुनेसाठी ते मागत होती. कुणी हसलं, कुणी कपाळाला हात लावला. काकूंनी प्रत्येक ठिकाणी कारण स्पष्ट सांगितलं, लपवालपवी केली नाही. “साखर निघालीय. लाजायचं काय त्यात? ताप निघाला असता तर लाजलो असतो का?” मला हे फार आवडलं. आमच्यात असलं काही निघालं की आधी दारं-खिडक्या लागतात.

अन्नपूर्णाबाईंच्या उंबऱ्यावर मात्र अडलं.

“इतके दिवस सुनेला साखरेत घोळवलीत,” त्या म्हणाल्या, “आता वाळवायला घेतलीत होय?”

“हो. नीट वाळल्याशिवाय तळणीत फुलत नाही.”

“ते तुमच्या घरी. माझ्या दारातून पोटुशी बाई कोरड्या तोंडाने गेली, तर लोक मला काय म्हणतील?”

“मग तिला बोलावू नका.”

“वा गं वा! सून यांची आणि शिक्षा मला! पोट दिसायला लागल्यापासून रोज संध्याकाळी येऊन बसते माझ्याकडे. ती माझी कुणीच नाही का?”

काकू उंबऱ्यावरूनच वळल्या. त्या तशाच परत आल्या. त्या दिवसानंतर अंतराचं समोर जाणं थांबलं, आणि अन्नपूर्णाबाईंची खिडकी दुपारची बंद राहायला लागली.

ज्येष्ठ लागला. ऊन असं की घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी पाऊल टेकवत नव्हतं. एका आठवड्यात अंतराची तहान कमी झाली. “आता नाही एवढी लागत, आई,” ती सांगायची. गोड बंद झाल्याचा गुण आला म्हणून काकूंनी बिंदुमाधवाच्या देवळात जाऊन नमस्कार घातला. मीही हात जोडले.

मग एका दुपारी मी ताकाचं भांडं परत करायला त्यांच्याकडे गेले तर अंतरा जिन्याच्या मधल्या पायरीवर भिंत धरून बसलेली. चेहरा पांढरा. “फिरल्यासारखं होतंय, वहिनी. आणि पोट सारखं आवळून येतंय.” मी हाक मारली. काकू धावत आल्या. दोघींनी धरून तिला ओसरीवर आणलं, डाव्या कुशीवर निजवलं. काकूंनी तिच्या ओठांना बोट लावलं. ओठ तडकले होते.

“जीभ दाखव.”

जीभ सुकून चिकटली होती.

“अंतरा. सकाळपासून किती पाणी प्यायलीस?”

पोरगी रडायला लागली. “डॉक्टर म्हणाल्या ना, तहान ही खूण आहे. मला वाटलं, कमी प्यायले की साखरही कमी होईल. लोक म्हणतात ना पाण्यानेच... आणि आई, मी सारखी प्यायला उठले की तुमचा चेहरा एवढासा होतो. मला बघवत नाही.”

मला वाटलं आता काकू रागावणार. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, लोटा तिच्या ओठांना लावला आणि घोट घोट पाजायला लागल्या. पाजता पाजता सांगत होत्या, “माझं पहिलं मूल गेलं, माहीत आहे तुला? नाही माहीत. विश्वजीतलाही कधी सांगितलं नाही. मलाही असंच होत होतं. मला पाणी मिळत नव्हतं, आणि मी प्यायले म्हणून ते गेलं असं सगळे म्हणाले. मीही तेच धरून बसले होते, परवा त्या डॉक्टरणीने सोडवेपर्यंत. पाण्याने मूल जात नाही, पोरी. तहान लपवली म्हणून साखर लपत नाही, ती आत तशीच राहते, वर तू सुकतेस. माझा चेहरा एवढासा होतो तो माझा प्रश्न आहे. तू पी.”

संध्याकाळी विश्वजीतने तिला दवाखान्यात नेलं. पोटाचं आवळणं तोवर थांबत आलं होतं. अंगातलं पाणी कमी पडल्यामुळेच ते होतं, असं डॉक्टर म्हणाल्या आणि तिला खरपूस रागावल्या. पाणी कमी झालं की रक्तातली साखर उलट दाटते, हेही त्यांनी सांगितलं. त्या ओरडण्याचा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी सूत्रं हातात घेतली. अंतरा जिथे बसेल तिथे ओलं फडकं गुंडाळलेली सुरई. स्वयंपाकघरात एक, निजायच्या खोलीत एक, गच्चीच्या जिन्यात एक. दुपारी जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक. कधी कैरी उकडून, गूळ न घालता, मीठ-पुदिन्याचं पाणी. कधी सत्तूचं पीठ कालवून, लिंबू पिळून. लघवीचा रंग गडद दिसला तर लपवायचं नाही, सांगायचं, असा हुकूम. वेणीमाधवकाकांचे विद्यार्थी ओसरीवर आले की काकू त्यांना आधी विचारायच्या, “वहिनीची सुरई रिकामी तर नाही झाली रे?” एक जण हसला तर त्यालाच पाणी भरायला लावलं.

साखर एकदोनदा वर गेली. एकदा त्याचं कारण विश्वजीत होता. बायकोची दया येऊन त्याने लंगडा आंबा आणला आणि दोघांनी खोलीत बसून खाल्ला. वास लपतो होय? काकू दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “विश्वजीत, आंबे उचल आणि गच्चीवर जाऊन माकडांच्यात बसून खा. तुझी पंगत तिथेच आहे.” इंजेक्शनावर मात्र वेळ आली नाही. दर वेळी चिठ्ठीवरचा आकडा वाचताना काकूंचे ओठ हलत असायचे. जप की आकडा, कळायचं नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं की नाही यावर घरात वाद झाला. गोडाशिवाय डोहाळजेवण म्हणजे काय, असं अंतराची नागपूरची आई पत्रातून विचारत होती. काकू म्हणाल्या, “करायचंच. तिखटामिठाचं करायचं.” आणि केलं. हरभरा डाळीच्या तिखट करंज्या, कोथिंबिरीच्या वड्या, मुगाच्या आंबोळ्या, ताकाची कढी. हिरवी साडी, फुलांचे दागिने. पेढा की बर्फी या खेळासाठी झाकलेल्या वाट्या मांडल्या, तर एकीत फुटाणे आणि एकीत शेंगदाणे. अंतराने एक वाटी उघडली.

“फुटाणे!” मी ओरडले. “म्हणजे काय, मुलगा का मुलगी?”

“म्हणजे तिखट जिभेचं कुणीतरी,” काका बाहेरून म्हणाले. “आजीवर जाणार.”

हसणं चालू असतानाच दारात अन्नपूर्णाबाई. त्या येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. बोलावणं गेलं होतं, पण त्यांची खिडकी अजून बंदच होती. हातात चांदीची लोटी, तिच्यावर ओलं फडकं. त्या सरळ अंतरापुढे जाऊन बसल्या.

“घे. पाणी आहे,” त्या म्हणाल्या, आणि काकूंकडे न बघता आवाज चढवला, “साखर नाही, गूळ नाही. पण कोरडंही नाही. बिंदुमाधवाच्या पायावरचं तुळशीचं पान घातलंय. माझ्या हातून कोरडं पाणी जायचं नाही म्हणजे नाही. तुमची डॉक्टरीण तुळशीच्या पानालाही नाही म्हणत असेल तर मला तिचं घर दाखवा, मी जाऊन भांडते.”

सगळ्या काकूंकडे बघायला लागल्या. काकू उठल्या. त्यांनी ती लोटी अन्नपूर्णाबाईंच्या हातातून घेतली, आत डोकावून पाहिलं आणि अंतराच्या हातात दिली.

“पी,” त्या म्हणाल्या. मग अन्नपूर्णाबाईंना म्हणाल्या, “इतकं साधं होतं तर आधी का नाही सुचलं?”

“तुम्हाला सुचायला हवं होतं. मी आपली बाहेरची.”

“बाहेरच्या असतात त्या खिडकी लावून बसत नाहीत. करंजी घ्या.”

अंतराने लोटी संपवली आणि म्हणाली, “अन्नपूर्णामावशी, अजून आहे का?” तेव्हा त्या दोघी म्हाताऱ्या एकदमच उठल्या.

तेव्हापासून आमच्या गल्लीत बऱ्याच घरी माठाशेजारी तुळशीची पानं असतात. पौसऱ्यावर काकू अजून गूळ ठेवतात, त्या काही कुणाचा गूळ तोडणाऱ्या नाहीत. पण आता आधी विचारतात, “गुड़ लोगे कि तुलसी?” आणि गर्भार बाई दिसली तर हात धरून बाजूला नेतात आणि साखर तपासलीस का, असं तिला विचारतात. परवा एका यात्रेकरू बाईचा नवरा यावर भडकला, तर काकूंनी त्यालाही बसवून सगळं समजावलं.

श्रावण सरता सरता अंतराला मुलगी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात काकू माळ घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी. आतून रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत, भांडखोर आवाज. काकूंची माळ थांबली. त्या हसल्या नाहीत, रडल्या नाहीत, नुसत्या ऐकत राहिल्या. मला वाटतं, त्या आवाजाची त्यांनी फार वर्षं वाट पाहिली होती. विश्वजीतच्या वेळीही बहुधा भीतीपोटी नीट ऐकू आला नसावा. नर्सने बाहेर येऊन मुलगी झाली, वजन चांगलं आहे, टाचेतून थेंब घेऊन साखर पाहिली तीही ठीक आहे, असं सांगितलं. ते सगळं ऐकून घेऊन काकूंनी पहिला प्रश्न विचारला, “बहू को पानी दिया?”

मुलीचं नाव ऋता ठेवलं. ती अंगाने बेताची आहे आणि जिभेने आजोबांनी सांगितल्यासारखी होईल अशी चिन्हं आहेत.

घरी सोडताना डॉक्टर गीतांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, बाळंतपणानंतर सव्वा महिना उलटला की अंतराची साखर पुन्हा तपासायची, कारण ती कधी कधी तशीच मागे राहते. दुसरी गोष्ट त्यांनी काकूंकडे वळून सांगितली, “माताजी, एक बार अपनी भी करा लीजिए.” काकूंनी आजवर कधी बोटाला सुई लावून घेतली नव्हती. मला वाटलं, टाळतील.

दसरा होऊन गेला. आज सकाळी त्यांच्याकडे गेले तर दोघी सासू-सुना तयार होऊन बसलेल्या, दोघींच्या पोटात अन्नाचा कण नाही. ऋताला दूध पाजून झालं होतं. काकूंनी तिला माझ्या मांडीवर दिलं, रुमालात पैसे बांधले, चपला घातल्या, आणि अंतराला घेऊन त्या मैदागिनला दोघींचं रक्त तपासायला द्यायला गेल्या.